ओल्या कोब्यावर कोणता दाणा?

वरुड-मोर्शीकडे आंबिया बहाराची संत्री यायला लागली की संत्रा शेडचा कोबा दिवसभर ओलाच असतो. धुण्याचं पाणी, फुटलेल्या फळाचा रस, वर चकाकीचं मेण. रसातलं सायट्रिक आम्ल सिमेंट खातं, म्हणून वर इपॉक्सी या कडक होणाऱ्या राळेचा थर देतात. कोबा वाचतो, पण भरलं क्रेट घेऊन चालणाऱ्या बाईचा पाय सटकतो.

पाऊल टेकताना तळव्याखाली पाण्याचा पातळ पापुद्रा अडकतो. त्याला निसटायला वाट मिळाली नाही की पाऊल पाण्यावरच सरकतं. थरात दाणे असले की त्यांची टोकं पापुद्रा भेदून तळव्याला भिडतात आणि पाणी मधल्या खाचांतून निघून जातं. मेण-तेल घट्ट, सावकाश हटणारं. तिथं दाणा मोठा लागतो.

ठेकेदार बहुधा क्वार्ट्झची वाळू सुचवतात. ती स्वस्त आहे, मोहस् मापावर तिचा कठीणपणा 7. ॲल्युमिनियम ऑक्साइडच्या दाण्याचा 9. ट्रॉलीच्या चाकांखालीही तो लवकर झिजत नाही. पण पॉलिश पेपरवर असतो तोच हा दाणा! बाया जिथं अनवाणी बसून फळं निवडतात तिथं तो टाकणं मला अन्यायाचं वाटतं. तिथं पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकची बारीक भुकटी बरी, पायाला मऊ लागते. शिवाय फार खरखरीत खाचांत गर अडकतो, त्यावर हिरवी बुरशी धरते, आणि हीच बुरशी पेटीतली संत्री सडवते. म्हणून धुण्याच्या हौदाजवळ जाड दाणा, बसायच्या जागी बारीक. झाडायला मात्र दोन्हीकडे ताठ ब्रश हवा, पोछा फाटतो.

वाळू इपॉक्सीच्या बादलीत कालवू नका. इपॉक्सीची घनता 1.1 च्या आसपास, क्वार्ट्झची 2.65; दाणे तळाशी बसतात आणि कोबा कुठं गुळगुळीत, कुठं खडबडीत होतो. ओल्या थरावर वाळू भुरभुरा (तोंडाला मास्क बांधून, क्वार्ट्झ म्हणजे सिलिकाच, तिची धूळ फुप्फुसाला वाईट), थर वाळल्यावर सुटे दाणे झाडा, मग वरून इपॉक्सीचा पातळ हात द्या. हा हात जाड झाला तर दाणे बुडतात आणि खर्च वाया जातो.

शेड रिकामी असते ती मे महिन्यात, पण तेव्हा ऊन 45 अंशांवर. तापमान 10 अंशांनी वाढलं की इपॉक्सी साधारण दुप्पट वेगानं आळते, भुरभुरायला वेळच उरत नाही. काम पहाटे उरकावं. त्याआधी कोपऱ्यात दोन फुटांचा नमुना करून त्यावर पाणी ओतावं आणि तिथं रोज राबणाऱ्या बायांनाच अनवाणी चालून बघायला सांगावं.