रुक्मिणी (रखुमाई, रखमाबाई)

रुक्मिणी : एक स्त्रीनाम. पौराणिक परंपरेत विदर्भराज भीष्मकाची कन्या व श्रीकृष्णाची पट्टराणी. मराठीत रखुमाई, रखुमा, रखमा, रखमाबाई, रुखमिणी ही या नामाची इतर रूपे. हिंदीत रुक्मणी वा रुक्मणि.

मूळ शब्द ‘रुक्म’. तो ‘रुच्’ (झळकणे) या धातूवरून साधतात. वैदिक वाङ्मयात रुक्म म्हणजे छातीवर धारण करण्याचा सोन्याचा अलंकार. पुढे सोने हाच अर्थ रूढ झाला. रुक्मिणी म्हणजे सुवर्णयुक्त, सुवर्णालंकृत. भागवतात (दशम स्कंध) तिच्या भावांची नावे रुक्मी, रुक्मरथ, रुक्मबाहू, रुक्मकेश व रुक्ममाली अशी येतात, तेव्हा हे नाव एका कुलातील नामसाखळीचा भाग म्हणूनच वाचावे. वैदर्भी व भैष्मी ही तिची नावे अनुक्रमे देशावरून व पित्यावरून आलेली आहेत. कथेतील कुंडिनपूर म्हणजे अमरावती जिल्ह्यात वर्धा नदीकाठी असलेले कौंडिण्यपूर, असे सामान्यतः मानतात. अरुणाचल प्रदेशातील भीष्मकनगराशीही ही कथा जोडली जाते. मात्र विदर्भ हा स्पष्ट देशनिर्देश पाहता पहिले मत अधिक सयुक्तिक वाटते.

शेवटच्या अक्षरातील ‘ण’ आधीच्या ‘र’मुळे येतो. मध्ये कवर्ग व पवर्गातील वर्ण आले तरी पाणिनीच्या नियमाने (८.४.२) णत्व (‘न’चा ‘ण’ होणे) अडत नाही. त्यामुळे ‘रुक्मिनी’ हे लेखन अशुद्ध ठरते.

मराठी रूपांची व्युत्पत्ती वाटते तितकी सरळ नाही. ‘रखुमाई हा रुक्मिणीचा अपभ्रंश’ एवढे सांगून बहुधा विषय संपवला जातो. परंतु प्राकृतात ‘क्म’ या जोडाक्षराचा ‘प्प’ होतो. बाराव्या शतकातील वैयाकरण हेमचंद्र यांनी तसा नियमच दिला असून (८.२.५२) रुक्मिणीचे ‘रुप्पिणी’ हे रूप नोंदवले आहे, जैन प्राकृत कथांतही तेच आढळते. त्या वाटेने आलेल्या मराठी रूपात ‘प’ दिसायला हवा होता. तो नाही, म्हणून रखुमा हे तद्भव (प्राकृतातून बदलत आलेले) नसून पुराण-कीर्तनातून आलेल्या संस्कृत शब्दाचे अर्धतत्सम (थेट घेऊन उच्चारात थोडे बदललेले) रूप मानणे बरे. जोडाक्षर फोडून मध्ये ‘उ’ आला, आणि पहिल्या ‘रु’तील उकार त्यामुळे सैल होऊन ‘र’ उरला, असा क्रम लावता येतो. रखमाबाई या रूपात मधला उकारही गळाला.

‘क’चा ‘ख’ कसा झाला, हा प्रश्न मात्र राहतो. कील–खीळ यांसारखी उदाहरणे शब्दारंभीची असल्याने येथे फारशी उपयोगी नाहीत. लक्ष्मीच्या लखमी, लखू या रूपांचे साम्य कारणीभूत असावे, हा तर्क अधिक पटण्याजोगा आहे. पंढरपूरच्या दिंडीरवनातील लखुबाईला लोकपरंपरा रुसून आलेली रुक्मिणीच समजते, ही बाब त्याला पूरक आहे. याउलट, रखुमाई ही मुळात स्वतंत्र लोकदेवता असून रुक्मिणीशी तिचे ऐक्य नंतर कल्पिले गेले, असाही एक विचार आहे. केवळ नामसाम्यावरून त्याचा निर्णय करता येत नाही.

ज्ञानेश्वरांच्या अभंगांतील ‘बापरखुमादेविवरु’ या नाममुद्रेवरून (अभंगाच्या शेवटी कवी घालतो त्या खुणेच्या नावावरून) हे रूप यादवकाळाच्या अखेरीस रुळले असावे, अर्थात हे अभंग मौखिक परंपरेतून आले आहेत हे ध्यानात ठेवून. आख्यानकाव्यांनी संस्कृत रूपच पसंत केले : महानुभाव कवी नरेंद्र (तेरावे शतक) व एकनाथ (१५७१) या दोघांच्याही काव्यांचे नाव ‘रुक्मिणीस्वयंवर’ आहे. आरतीत ‘वामांगी रखुमाई’ असली, तरी पंढरपुरात तिचे मंदिर विठ्ठलापासून वेगळे आहे. ज्ञानेश्वरांच्या मातापित्यांची नावेही परंपरेने विठ्ठलपंत व रुक्मिणी अशीच सांगितली जातात.

आधुनिक काळातील लेखनभेदाचे ठळक उदाहरण म्हणजे डॉ. रखमाबाई (१८६४–१९५५). बालविवाहानंतर पतीने १८८४ मध्ये त्यांच्याविरुद्ध मुंबईत गुदरलेला दावा गाजला. पुढे त्या इंग्लंडमध्ये वैद्यक शिकून आल्या व त्यांनी सुरत आणि राजकोट येथे काम केले. रोमन लिपीत त्यांच्या नावात उकार लिहिला जातो, त्यामुळे मराठीतही ‘रुखमाबाई’ असे लेखन आढळते. दक्षिणेत रुक्मिणी हे रूप प्रतिष्ठित असून नृत्यांगना रुक्मिणीदेवी अरुंडेल (१९०४–१९८६) यांचे नाव त्याच रूपात आहे. तमिळमध्ये ‘रुक्मणी’ही चालते. रखमाजी हे पुरुषनाम रखमा या रूपाशी संबद्ध आहे.