बांधावरचा ठसा: बिबट्याचा की तरसाचा?

पहाटे उसाला पाणी द्यायला गेलेला माणूस बांधावर मध्येच थांबतो, वाकून बघतो, खिशातून मोबाईल काढतो. दहा मिनिटांत गावाच्या ग्रुपवर फोटो येतो आणि खाली मजकूर: ‘बिबट्या आलाय, पोरांना एकटं सोडू नका.’ पाहुण्यारावळ्यांत ‘याला जनावरांचं कळतं’ अशी माझी उगाच ख्याती झाल्यामुळे असे फोटो फिरत फिरत माझ्याकडे येतात. बरेचसे गावातल्याच कुत्र्याचे निघतात. काही खरोखर बिबट्याचे असतात. आणि अधूनमधून एखादा असा येतो, की तो मोठा करून, फिरवून बघूनही चटकन बोलवत नाही. तो बहुतेक तरसाचा असतो.

तरसाला विदर्भात तडस म्हणतात. पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या माळांवर, गायरानांवर तरस आहे, आणि त्याच भागात उसाच्या आडोशाने बिबट्याही आहे. दोघं रात्रीचे. दोघं माणसाच्या पायवाटेनेच चालतात, कारण काट्याकुट्यातून जाण्यापेक्षा वाट कोणालाही बरी. मेलेलं जनावर किंवा पोल्ट्रीतल्या मेलेल्या कोंबड्या जिथे उघड्यावर टाकतात, तिथे दोघांचीही फेरी होते. वजनातही फार तफावत नाही. बिबट्याची मादी तीस-चाळीस किलोची असते आणि भरलेला तरसही तेवढाच भरतो. त्यामुळे ‘ठसा मोठा आहे, म्हणजे बिबट्याच’ हा हिशेब इथे चालत नाही. ठसा मोठा आहे, एवढंच त्यातून कळतं.

गंमत म्हणजे तरस दिसायला कुत्र्यासारखा असला तरी तो कुत्र्याच्या कुळातला नाही. प्राणिशास्त्रात तो मांजर आणि मुंगूस यांच्या बाजूला बसतो. पण पायाने मात्र तो आपल्या गोत्राला जागत नाही. मांजरकुळात नख्या आत ओढून घ्यायची सोय असते, ती तरसाकडे नाही. त्याची नखं कुत्र्यासारखी कायम बाहेर, जमिनीला घासून बोथट झालेली असतात. म्हणून पहिला नियम सगळे जण सांगतात तो हाच: नखांच्या खुणा दिसल्या तर बिबट्या नाही.

हा नियम मी मामांना सांगितला तेव्हा मामा म्हणाले, “अरं, बिबट्याला नखं नसत्यात व्हय?”

मामांचं म्हणणं अगदीच वेडगळ नव्हतं. बिबट्याला नख्या असतात, फक्त चालताना तो त्या म्यानात ठेवतो. पण ओल्या चिखलात पाय घसरला, चढण चढायची वेळ आली, उडी मारली किंवा धावला, की त्याच नख्या बाहेर येतात आणि चिखलात उमटतात. उलट कडक, वाळलेल्या जमिनीवर कुत्र्याची किंवा तरसाची नखं बिलकूल उमटत नाहीत आणि ठसा कसा छान मांजरासारखा दिसतो. त्यामुळे नख हा पुरावा आहे, पण साक्षीदार जरा फितूर होणारा आहे. मी तो शेवटी तपासतो.

आधी बघायची ती तळव्याची गादी, म्हणजे बोटांच्या मागे उमटणारा मोठा ठसा. बिबट्याची ही गादी रुंद, भरीव आणि चौकोनाकडे झुकणारी असते. तिची मागची कड नीट पाहिली तर तिथे तीन पाकळ्या दिसतात, आणि पुढच्या कडेला मध्ये किंचित खाच पडून दोन उंचवटे होतात. काळ्या मातीत हे स्पष्ट दिसत नाही. फुफाट्यात मात्र असं उमटतं, की कोणी साच्यातून काढावं. गादीच्या पुढे चार बोटं, अंडाकृती, एकमेकांपासून सुटी आणि गादीपासूनही जरा अंतर राखून. पाचवं बोट पुढच्या पायाला असतं, पण ते वर राहतं, जमिनीला लागत नाही. चार बोटांपैकी एक बोट बाकीच्यांपेक्षा पुढे गेलेलं असतं. त्यामुळे ठसा मधोमध दुमडला तर दोन बाजू जुळत नाहीत. आपल्या हातातलं मधलं बोट जसं पुढे असतं, तसंच. यावरून डावा की उजवा पाय हेही कळतं. कुत्र्याच्या ठशात असं होत नाही. त्याची मधली दोन बोटं जवळजवळ एका रेषेत येतात आणि गादी लहान, त्रिकोणी, पुढे निमुळती असते. बोटांच्या आणि गादीच्या मधल्या मोकळ्या जागेतून काडीने फुलीसारख्या दोन रेघा मारता येतात. बिबट्याच्या ठशात मारायला गेलात तर गादी आडवी येते.

आता तरस. चार बोटं इथेही आहेत, पण ती सुटी नाहीत. एकमेकांना खेटून, गर्दीच्या एसटीत बसल्यासारखी, आणि गादीलाही चिकटून. बिबट्याच्या पंजात जी हवा खेळते ती इथे नाही. सगळा ठसा एक गठ्ठा वाटतो. गादीच्या मागच्या कडेला तीन पाकळ्यांची ती नक्षी नसते. बोटांच्या टोकाशी नखांचे आखूड, बोथट ठिपके असतात, कुत्र्यासारखे टोकदार नव्हेत. पण एकटा ठसा बघून तरस ओळखणं कठीणच. तरसाची खरी चुगली करतो तो पुढच्या-मागच्या पायातला फरक.

तरस एकदा जिवंत पाहिला असेल तर हे पटकन समजेल. त्याचा पुढचा भाग उंच, मान जाड, खांदे भक्कम, आणि मागचा भाग उतरत गेलेला. जणू तो सतत चढण चढतोय. सगळं वजन पुढे. त्यामुळे पुढचा पंजा मोठा आणि मागचा लक्षात येण्याइतका लहान. एका ओळीत सात-आठ ठसे मिळाले आणि त्यात मोठा-लहान, मोठा-लहान अशी जोडी लागत गेली, तर माझा कौल तरसाला. बिबट्याचाही पुढचा पंजा मागच्यापेक्षा थोडा मोठा असतो, पण फरक तेवढा डोळ्यात भरत नाही. शिवाय निवांत चालताना बिबट्या मागचा पाय बरेचदा पुढच्या पायाच्याच ठशावर किंवा अगदी शेजारी टाकतो, म्हणून चार पायांचं जनावर गेलं तरी ठसे दोन पायांच्या जनावराएवढेच दिसतात. आपल्या घरातली मांजर ओल्या फरशीवरून गेली की हेच बघायला मिळतं, सरावाला तीही चालते.

म्हणूनच एका ठशाचा फोटो पाठवणाऱ्यांना माझं उत्तर ठरलेलं आहे: मागे जा, आणखी शोधा, ओळ दाखवा. एका ठशावर निकाल देणाऱ्या माणसावर मी तरी विश्वास ठेवत नाही.

फोटोबद्दलही सांगायला हवं, कारण निम्मा घोळ तिथेच होतो. उभ्याने, तिरका, फ्लॅश मारून काढलेल्या फोटोत काहीही बिबट्या दिसू शकतं. खाली बसा, मोबाईल ठशाच्या बरोबर वर धरा. सकाळचं किंवा संध्याकाळचं तिरपं ऊन असेल तर कडा उठून दिसतात, दुपारच्या उन्हात ठसा सपाट होतो. शेजारी दहा रुपयांचं नाणं ठेवा. ते २७ मिलिमीटरचं असतं, म्हणजे तीन नाणी ओळीने ठेवली तर आठ सेंटिमीटर आणि एक बारीक रेघ. मोठ्या बिबट्याच्या पुढच्या पंजाची रुंदी साधारण तेवढीच किंवा थोडी कमी भरते. ठसा दीड नाण्यातच संपत असेल आणि नखं नसतील तर ते रानमांजर, ज्याला काही भागात बाऊल म्हणतात. आणि चिखलात मोजू नका. चिखल ठशाला फुगवतो. पाऊस पडून गेल्यावर कडा ढासळतात आणि कुत्रा एका रात्रीत वाघ होतो.

ठशाशिवाय आजूबाजूलाही बघावं. तरसाची विष्ठा वाळली की पांढरीफटक, खडूसारखी दिसते, कारण तो हाडं फोडून खातो आणि हाडांतला चुना त्यात उतरतो. बिबट्याच्या विष्ठेत केस दिसतात, पीळ दिसतो. बिबट्या मागच्या पायांनी जमीन खरवडून ठेवतो, झाडाच्या बुंध्यावर नख्यांचे ओरखडे काढतो. मारलेल्या शेळीच्या गळ्यावर दातांच्या खोल खुणा आणि ती ओढत आडोशाला नेल्याची फरफट, ही बिबट्याची पद्धत. मोठी हाडं कडाकडा फोडलेली असतील तर तिथे तरस जेवून गेला. मात्र जेवला म्हणजे त्यानेच मारलं असं नाही. तरस मुख्यतः मेलेल्यावर जगतो, जमलं तर शेळी, कुत्रंही उचलतो, पण बिबट्याने सोडलेल्या शिकारीवर तो मागाहून येऊ शकतो. मग एकाच शेळीभोवती दोघांचे ठसे मिळतात आणि गावात दोन तट पडतात. आवाजावरून मात्र फसू नका. हसणारा तरस म्हणून जो प्रसिद्ध आहे, तो आफ्रिकेतला ठिपकेदार तरस. आपला पट्टेवाला त्या मानाने अबोल आहे. रात्री करवत ओढल्यासारखा खरखर आवाज आला तर तो बिबट्या.

ओळख चुकली तर बिघडतं काय, असं कोणी विचारेल. शेतकऱ्याच्या दृष्टीने पहिली गोष्ट भरपाईची. बिबट्याने किंवा तरसाने शेळी मारली तर वनखात्याकडे दाद मागता येते. मोकाट कुत्र्यांनी मारली तर नाही, कारण कुत्रा वन्यप्राणी नाही. म्हणून पंचनाम्याच्या वेळी प्रत्येक ठसा बिबट्याचा व्हावा अशी घरधन्याची मनापासून इच्छा असते, आणि ती मला समजते. दुसरी गोष्ट पिंजऱ्याची. ठसा दिसला की पिंजरा लावा ही मागणी होते. जुन्नर भागात २००१ ते २००३ दरम्यान बिबटे मोठ्या संख्येने धरून दुसरीकडे सोडले गेले. वन्यजीव संशोधक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा अभ्यास केला, तेव्हा असं हलवल्याने माणसांवरचे हल्ले कमी होण्याऐवजी वाढल्याचं दिसून आलं. खऱ्या बिबट्याच्या बाबतीत हे, तर तरसाच्या ठशावरून बिबट्यासाठी पिंजरा लावण्याला काय म्हणावं!

ठसे वाचायची ही विद्या मुळात शिकाऱ्यांची आणि त्यांच्या मागाऱ्यांची. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला लगाम बसला, आणि तीच विद्या मोजणीच्या कामाला लागली. ओडिशातले वनाधिकारी सरोज राज चौधरी यांनी वाघांच्या ठशांवरून मोजणीची पद्धत बसवली, १९७२ च्या देशव्यापी मोजणीत तिच्यावरून १,८२७ वाघ मोजले गेले. काचेवर ठसा गिरवायचा, प्लास्टरमध्ये साचा घ्यायचा, आणि यावरून प्रत्येक वाघ वेगळा ओळखायचा, असा दावा होता. तो पुढे टिकला नाही. एकच वाघ वाळूत, चिखलात आणि फुफाट्यात तीन वेगळे ठसे उमटवतो. राजस्थानातल्या सरिस्का व्याघ्र प्रकल्पात कागदावर वाघ होते, आणि २००५ पर्यंत प्रत्यक्षात एकही उरला नसल्याचं उघड झालं. त्यानंतर देशभर कॅमेरा ट्रॅप, म्हणजे जनावर समोरून गेलं की आपोआप फोटो काढणारे कॅमेरे, आले. पण त्यात हरला तो ‘हा ठसा अमुक वाघाचा’ हा दावा. ‘हा ठसा वाघाचा, बिबट्याचा की तरसाचा’ हे आजही ठशावरूनच ठरतं, बांधावर कॅमेरा लावायला कोण येतंय!

तर मामांचा ठसा. त्यांची एक शेळी रात्री गेली होती, गोठ्यामागे रक्त होतं, आणि ओढ्याच्या काठाला रात्रीच्या भुरभुर पावसाने नुकतीच भिजलेली माती होती. मी पोचलो तेव्हा सहा-सात माणसं त्या मातीतून इकडून तिकडे फिरून आली होती, म्हणजे चपलांचे ठसे भरपूर. पलीकडच्या काठावर मात्र नऊ पावलं शाबूत सापडली. पहिलं मोठं, त्यामागचं लहान, पुन्हा मोठं, पुन्हा लहान. बोटं घट्ट खेटलेली. नखांचे ठिपके चार ठशांत होते, पाचांत नव्हते. तीन नाणी ठेवली तर मोठ्या ठशाच्या बाहेर जरा जास्तच उरली.

“तरस आहे मामा.”

“तरसच?” मामांचा चेहरा पडला. बिबट्याने शेळी नेली यात निदान वजन आहे. तरसाने नेली हे पाहुण्यांना सांगायचं कसं? भरपाईच्या अर्जाला तरसही चालतो, हे मी दोनदा सांगितलं तेव्हा कुठे ते बोलते झाले. वनरक्षक येईपर्यंत ठसे टिकावेत म्हणून आम्ही सगळ्यात चांगल्या दोन ठशांवर घमेली पालथी घातली, वर दगड ठेवले आणि पंचनाम्याची वाट बघत चहाला बसलो. वनरक्षक चार वाजता आले. तोवर एक घमेलं कलंडलेलं होतं आणि तरसाच्या त्या सुंदर ठशाच्या बरोबर मध्यावर मामांच्याच कुत्र्याचा ताजा पंजा उमटला होता, नखांसकट.

दुसरं घमेलं तसंच होतं. वनरक्षकांनी ते उचललं, उकिडवे बसले, बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, “तडसच आहे.” ते विदर्भातले निघाले.