रंगशोध (मुलांचा कलाउपक्रम)

रंगशोध : घराबाहेर पडून पाने, माती, दगड, साली, आकाश यांतले रंग शोधायचे आणि ते कागदावर जुळवायचे, असा मुलांचा सोपा कलाउपक्रम. तीन-चार वर्षांच्या मुलांपासून पुढे कोणालाही तो जमतो. जाड कागद किंवा पुठ्ठ्याची पट्टी, जलरंग, कुंचला, पाणी आणि दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप एवढे साहित्य पुरते.

उपक्रमाचे दोन प्रकार आहेत. पहिल्यात पट्टीवर आधीच रंगाचे चौकोन असतात आणि मुले त्या रंगाच्या वस्तू शोधून शेजारी चिकटवतात. दुसऱ्यात क्रम उलटा असतो : आधी वस्तू सापडते, मग रंग मिसळत तिच्या छटेपर्यंत पोहोचायचे. लहानांना पहिला सोपा. पण पाहायला खरे शिकवतो तो दुसराच. पानाला ‘हिरवे’ म्हणून मोकळे होणारे मूल त्याचा रंग बनवू लागले, की डबीतला हिरवा फार भडक असल्याचे त्याच्या लक्षात येते. त्यात पिवळा घातला की तो पोपटी होतो, किंचित लाल घातला की मळकट शेवाळी. तपासताना पान रंगाच्या ठिपक्याला अगदी लागून ठेवावे. ठिपका आधी वाळू द्यावा, कारण जलरंग वाळल्यावर फिकट होतात.

पट्टीवर हिरव्या, पिवळ्या आणि तपकिरी छटांची गर्दी होते. निळ्याचा चौकोन बहुधा रिकामाच राहतो. वनस्पतींत निळा रंग कमी आढळतो. पक्ष्यांच्या पिसांतला निळा तर बहुतेक वेळा रंगद्रव्याचा नसतो. पिसाच्या सूक्ष्म रचनेमुळे प्रकाश विखुरतो आणि निळा दिसतो. पानांचा हिरवा हरितद्रव्याचा असतो. पान म्हातारे होताना हरितद्रव्य विघटित होते आणि आधीपासून असलेली पिवळी-केशरी रंगद्रव्ये (कॅरोटिनॉइडे) उघडी पडतात. त्यामुळे पाचोळ्याच्या एका ढिगातही या बदलाचे निरनिराळे टप्पे सापडतात. चिकटवलेल्या पाकळ्या काही तासांत कोमेजून काळपट पडतात, म्हणून रंग जागेवरच जुळवलेला बरा.

प्रकाश बदलला की तीच वस्तू वेगळी दिसते. एकच दगड उन्हात, सावलीत आणि संध्याकाळी रंगवायला लावणे हा या उपक्रमातला सर्वांत रंजक भाग, पण घाईत तोच बहुधा गाळला जातो. अंधारू लागल्यावर लाल फुले आधी काळवंडतात आणि निळी-हिरवी त्या मानाने उजळ भासतात. मंद प्रकाशात डोळ्यातील दंडपेशींचे, म्हणजे अंधुक उजेडात पाहायला मदत करणाऱ्या आणि लाल प्रकाश फारसा न टिपणाऱ्या पेशींचे, काम वाढते, त्याचा हा परिणाम आहे.

रंग पट्टीशी ताडून पाहण्याची रीत शास्त्रज्ञांनीही वापरली आहे. स्विस निसर्गशास्त्रज्ञ होरेस-बेनेदिक्त द सोस्यूर यांनी १७८९च्या सुमारास आकाशाचा निळेपणा मोजण्यासाठी पन्नासहून अधिक छटांचे कागदी वर्तुळ, म्हणजे सायनोमीटर, तयार केले. पुढे जर्मन निसर्गशास्त्रज्ञ आलेक्झांडर फॉन हुम्बोल्ट यांनी असे साधन दक्षिण अमेरिकेच्या प्रवासात नेले. स्कॉटिश पुष्पचित्रकार पॅट्रिक साइम यांनी १८१४ मध्ये शंभरावर रंगांची सूची प्रसिद्ध केली. तीत रंगांसमोर तो रंग असलेले प्राणी, वनस्पती आणि खनिजे यांची उदाहरणे होती. बीगल जहाजावरील सफरीत (१८३१–३६) चार्ल्स डार्विन यांनी ती सोबत नेली होती. मुलांच्या हातातील पट्टी या साधनांच्याच कुळातली.

काही मुलांना लाल आणि हिरव्यातला फरक नीट दिसत नाही. हे मुलींपेक्षा मुलग्यांत पुष्कळ जास्त आढळते. अशा मुलाची जुळवणी चूक ठरवू नये; त्याला फिकट-गडद या अंगाने पट्टी मांडू द्यावी. गळून पडलेल्याच वस्तू उचलाव्यात. भडक रंगाची अनोळखी फळे, बिया व अळंब्या विषारी असू शकतात. त्यांना हात न लावता त्यांचा रंग दुरूनच पाहून मिसळावा.