जांभळ्या फुलांचं झाड आपटा नव्हे

दसरा आला की सांगली-मिरजेच्या बाजारात आपट्याच्या नावाने कांचनाच्या डहाळ्याही खपतात आणि बागेतला कांचन ‘सोन्या’साठी ओरबाडला जातो. दरवर्षी तेच.

कांचन तुमच्या ओळखीचा आहे. उद्यानात, रस्त्याकडेला, गुलाबी-जांभळ्या मोठ्या फुलांनी लक्ष वेधणारा. आपटा मात्र रानातला, कोरड्या खडकाळ उतारावरचा, वाकड्या फांद्यांचा.

घोटाळा पानात आहे. दोन्ही झाडं जवळच्या नात्यातली, त्यामुळे दोघांचीही पानं टोकाला दुभंगलेली. ‘मोठं पान कांचन, लहान पान आपटा’ हे खरं असलं तरी नेमकं तिथेच फसायला होतं, कारण कांचनाच्या शेंड्याची कोवळी पानंही चिमुकलीच असतात आणि हात आधी शेंड्यालाच जातो. म्हणून फांदीच्या मागच्या बाजूचं जून पान घ्या. आपट्याचं जून पानही जेमतेम 2 ते 5 सेंमी लांब आणि लांबीपेक्षा रुंद. जाड, चिवट, पाठीमागून राखाडी. त्याच्या विड्या वळतात त्या या चिवटपणामुळेच. कांचनाचं जून पान 10 सेंमीच्या आसपास किंवा त्याहून मोठं आणि पातळ. शिरा मोजत बसू नका. दोन्हींत 9 सापडू शकतात.

फुलांवरून अर्धाच निकाल लागतो. ऑक्टोबरात जांभळी फुलं दिसली तर तो आपटा नाही, हे नक्की. आपट्याची फुलं बारीक, पिवळट पांढरी आणि उन्हाळ्यातली. पण फुलं नाहीत म्हणून आपटा, असंही धरू नका: कांचनाची एक जात फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये, बहुतेक पानं झडल्यावर फुलते. दसऱ्याला तिच्यावर नुसती पानंच असतात.

शेंगा सरळ सांगतात. कांचनाची चपटी शेंग वाळली की तडकते आणि तिची फाकं पिळवटतात. झाडाखाली अशी फाकं पडलेली दिसली की प्रश्न मिटला. आपट्याची शेंग फुगीर, किंचित वाकडी. ती उकलत नाही, महिनोन्‌महिने झाडावरच लोंबते.

रोपं करायची तर म्हणूनच आपट्याची शेंग फोडून बी काढावं लागतं. कवच टणक असतं. गरम पाण्यात टाकून रात्रभर भिजवा, नाहीतर उगवण रेंगाळते. वाढही सावकाश. त्यामुळे आपटा सापडलाच तर चार पानं खुडा, फांदी मोडू नका.