आर्क वेल्डिंग संच : विजेची गरज आणि जोडणी

रॉड आणि लोखंड यांच्यात विजेचा आर्क पेटवून त्याच्या उष्णतेने धातू वितळवणारा व जोडणारा संच. सांगली-साताऱ्यात कुपवाड, मिरज, कराडच्या औद्योगिक वसाहतींत तो असतोच. शिवाय गळीत हंगामाच्या तोंडावर उसाच्या ट्रॉल्या दुरुस्त करणाऱ्या रस्त्याकडेच्या प्रत्येक गॅरेजात दिसतो. कारखान्यात त्याला पुरेशी लाइन मिळते, गॅरेजात बहुधा मिळत नाही. ‘मशिन नीट ओढत नाही’ या तक्रारीचे मूळ अनेकदा मशिनमध्ये नसून लाइनमध्ये असते.

संचाचे काम व्होल्टेज उतरवून करंट वाढवणे. काम सुरू नसताना होल्डरवर (रॉड पकडणाऱ्या मुठीवर) ५० ते ८० व्होल्ट असतात. आर्क धरायला तेवढे लागतात. आर्क पेटला की ते २०-३० वर येतात. २.५ मिमी रॉडला ६०-९० अँपिअर, ३.१५ मिमीला ९०-१३० आणि ४ मिमीला १४०-१८० अँपिअर लागतात.

हा आकडा होल्डरकडचा. लाइनवरून किती ओढले जाते, ते संचाच्या जातीवर ठरते. ३.१५ मिमीचा रॉड १२० अँपिअरवर चालवला तर आर्कवर सुमारे २५ व्होल्ट राहतात, म्हणजे काम ३ किलोवॉटचे. पण ७० व्होल्टचा साधा ट्रान्सफॉर्मर त्यासाठी १२० × ७० = ८.४ केव्हीए (हजार व्होल्ट-अँपिअर) ओढतो : दोन फेजवर ४१५ व्होल्टला २० अँपिअर, एका फेजवर २३० व्होल्टला ३६ अँपिअर. पॉवर फॅक्टर (ओढलेल्या केव्हीएतला प्रत्यक्ष कामी येणारा वाटा) जेमतेम ०.४, म्हणून कपॅसिटर बसवणे फायद्याचे. इन्व्हर्टर संच (इलेक्ट्रॉनिक सर्किटवर चालणारा) तेच काम साधारण ५ केव्हीएत, म्हणजे २२ अँपिअरमध्ये करतो. तरीही १६ अँपिअरच्या सॉकेटवर २.५ मिमीच्या रॉडपुढे जाऊ नये. पिना तापून सॉकेट वितळते. ३२ अँपिअरचा वेगळा एमसीबी (जादा करंटला आपोआप पडणारा स्विच) आणि ६ चौ. मिमी तांब्याची केबल ही इन्व्हर्टरसाठी भरवशाची जोडणी. ट्रान्सफॉर्मर चालू होताना क्षणभर जोराचा करंट घेतो, त्यामुळे बी प्रकारचा एमसीबी उगाच पडतो. असा झटका सोसणारा सी किंवा डी प्रकारचा लावावा.

सर्वांत जास्त दुर्लक्ष वायरकडे होते. १.५ चौ. मिमीची ३० मीटर वायर २२ अँपिअरला सुमारे १६ व्होल्ट खाते, ३६ अँपिअरला २६. त्यात वस्तीच्या शेवटच्या खांबावर मुळातच १८० व्होल्ट असले, तर ७० व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर होल्डरवर ५५ च देतो. रॉड चिकटतो आणि दोष रॉडवर येतो. अशा वेळी नॉब वाढवून उपयोग नाही, वायर जाड करावी. होल्डरकडची केबलही लांब असेल तर मोकळी पसरावी; गुंडाळी करून ठेवली की एसी संचाचा करंट पडतो.

शेतीपंपाच्या फीडरवर थ्री फेज ठरावीक तासच असते, म्हणून मळ्यातले लोक त्या वेळेत वेल्डिंग उरकतात. शेतीच्या जोडणीवर धंद्याचे वेल्डिंग करणे मात्र वीज कायद्याच्या कलम १२६ प्रमाणे अनधिकृत वापर ठरतो आणि आकारणी लागू दराच्या दुप्पट होते. औद्योगिक जोडणी घ्यावी.

संचाच्या पाटीवरचा ‘२०० अँपिअर, ६० टक्के’ हा मजकूर दहा मिनिटांचा हिशोब सांगतो : सहा मिनिटे काम, चार मिनिटे विश्रांती. सलग काम करायचे तर १५५ अँपिअरच धरावेत. भर उन्हात त्याहूनही कमी.

संचाच्या बॉडीचे अर्थिंग आणि कामाला लावायचा, करंट संचाकडे परत नेणारा क्लॅम्प यांत गल्लत होऊ देऊ नये. क्लॅम्प ढिला असला तर करंट परतीची दुसरी वाट शोधतो आणि पुरवठ्याची अर्थ वायर जाळू शकतो. ट्रॉलीच्या साट्याला जोड देताना क्लॅम्प चाकाकडे लावला, तर करंट बेअरिंगमधून जाऊन त्याच्या गोळ्यांवर खड्डे पाडतो. क्लॅम्प जोडाच्या शेजारी, रंग खरवडलेल्या लोखंडावरच लावावा. पावसाळ्यात ओल्या हातमोज्यांनी रॉड बदलू नये, मोकळे ८० व्होल्टही जीव घेऊ शकतात. ट्रॅक्टरवर वेल्डिंग असेल तर आधी बॅटरीच्या तारा सोडाव्यात, नाहीतर अल्टरनेटरचे डायोड जातात.