जुन्या गल्लीत फायबर आणि फोन: अर्ज कुठे अडतो, कोणते कागद आधी जमवायचे

बेळगाव, शहापूर, वडगाव, निपाणी, खानापूर इथल्या जुन्या वस्त्यांत फायबर इंटरनेटचा अर्ज नाकारला गेला की मोबाइलवर एकच ओळ येते: ‘नॉट फीजिबल’ (जोडणी शक्य नाही). कारण कोणी सांगत नाही. त्या ओळीमागे चार वेगळ्या गोष्टी असू शकतात: गल्लीतल्या डब्यात जागा नाही, घरमालकाची संमती नाही, पत्त्याचा कागद जुळत नाही, किंवा अ‍ॅपने घर भलत्याच ठिकाणी धरले आहे. प्रत्येकाचा उपाय निराळा आहे. तेव्हा नकार आला की आधी कारण विचारा, तेही लेखी किंवा मेसेजवर. कारण न कळता दुसऱ्या कंपनीकडे पैसे भरले तर तिथेही तीच अडचण पुढे येते.

पैसे भरण्याआधी डबा बघा

फायबरची मुख्य लाइन एक्सचेंजमधून निघते, वाटेत तिचे फाटे होतात आणि शेवटी खांबावर किंवा एखाद्या भिंतीवर लावलेल्या छोट्या डब्यात येते. एका डब्यात साधारण ८ किंवा १६ पोर्ट (वायर जोडायच्या जागा) असतात आणि एका घराला एक पोर्ट लागतो. अ‍ॅप फक्त पिनकोड आणि परिसर बघते, तुमच्या गल्लीतल्या डब्यात पोर्ट मोकळा आहे का हे बघत नाही. म्हणून ऑर्डर स्वीकारली जाते, पैसे कापले जातात, आणि लाइनमन येऊन परत जातो.

गल्लीत ज्यांच्याकडे फायबर आहे त्यांची वायर कुठल्या डब्यातून येते ते विचारा. डब्यावर रंगाने लिहिलेल्या नंबरचा फोटो काढा. तो फोटो लाइनमनला किंवा टेलिफोन ऑफिसात दाखवून पोर्ट शिल्लक आहे का, हा एकच प्रश्न विचारा. डबा भरलेला असला तरी लगेच निराश होऊ नका. बंद केलेल्या कनेक्शनच्या वायरी कित्येकदा डब्यात तशाच खोचलेल्या राहतात आणि पोर्ट अडवतात. भाडेकरू सोडून गेला, वायर राहिली, असे जुन्या वाड्यांत नेहमी होते. अशी वायर कुणाची होती हे सांगता आले तर पोर्ट त्याच दिवशी मोकळा होऊ शकतो. खरोखरच जागा नसेल तर पाच-सहा घरांनी मिळून एकच अर्ज द्यावा: नावे, घर नंबर, मोबाइल, हवा असलेला प्लॅन आणि सह्या. एका घरासाठी नवा डबा कोणी बसवत नाही. सहा घरांची यादी समोर आली की हिशेब बदलतो.

‘रस्ता खोदायची परवानगी तुम्हीच महापालिकेतून आणा’ असे एजंटने सांगितले तर मान्य करू नका. सार्वजनिक रस्त्यावरून केबल नेण्याची परवानगी कंपनीने मागायची असते. १ जानेवारी २०२५ पासून लागू झालेल्या दूरसंचार मार्गाधिकार (राइट ऑफ वे) नियमांतही अर्जदार कंपनीच आहे. कॅम्पातल्या लोकांनी एवढे लक्षात ठेवावे की तिथे महापालिका नव्हे, कँटोन्मेंट बोर्ड परवानगी देते. तिथे वेळ जास्त लागला तर चौकशी योग्य दारात करा.

संमतिपत्र, जे कुणाकडेच नसते

सर्वांत जास्त अर्ज इथे मरतात. ज्या भिंतीवर वायर ठोकायची आणि ज्या छपरावरून ती जाणार, त्या मालकाची संमती लागते. जुन्या घराच्या उताऱ्यावर सहा-सात वारसांची नावे असतात, त्यातले दोघे पुण्यात, एक गोव्यात, एकाशी बोलणे बंद. वायर ओढली जाते, मग शेजारच्या काकांनी हरकत घेतली की लाइनमन काम अर्धे टाकून जातो, आणि ऑर्डर ‘कस्टमर नॉट रेडी’ म्हणून बंद होते.

उताऱ्यावर नाव असलेल्या आणि तिथेच राहणाऱ्या एका वारसाची सही, सोबत सिटी सर्व्हे उताऱ्याची प्रत, एवढ्यावर काम बहुधा चालते. पण बाकीच्यांना आधी फोन करा आणि ‘हरकत नाही’ असा व्हॉट्सअ‍ॅप मेसेज मागून ठेवा. वायर लागल्यावर भांडण मिटवणे फार अवघड जाते. पत्रात सिटी सर्व्हे नंबर, महापालिकेचा घर नंबर, वायर कुठून कुठे जाणार ते एका ओळीत, भिंतीला किती भोके पडणार आणि दुरुस्ती कोण करणार हे लिहा. कौलांवरून वायर नेणार असाल तर आधीच ठरवा, कारण लाइनमन कौलावर पाय ठेवायला तयार नसतो आणि कौल फुटले की वाद तुमच्यावर येतो. छपराच्या कडेने किंवा परड्याच्या बाजूने वाट काढलेली बरी.

जुन्या भाडेकरूंची अडचण वेगळी आहे. मालक सही करत नाही, कारण त्या पत्त्यावर भाडेकरूच्या नावाने बिल यायला लागले की उद्या तो जागेवर हक्क सांगेल अशी त्याला भीती वाटते. ही भीती खोडून काढत बसण्यापेक्षा पत्रातच एक वाक्य घाला: ‘या कनेक्शनमुळे जागेवर कोणताही मालकी किंवा इतर हक्क निर्माण होत नाही, आणि घर सोडताना वायर व मोडेम काढून घेतले जातील.’ या एका वाक्याने अडलेल्या कित्येक सह्या होतात. पत्र मराठीत लिहिलेत तर सोबत इंग्रजी किंवा कन्नड प्रतही जोडा. काउंटरवरच्या माणसाला मराठी वाचता येईलच असे नाही, आणि न वाचलेला कागद बाजूला पडतो.

पत्ता

ओळखीसाठी आधार पुरते. पण आधारवरचा पत्ता आणि वायर लावायचा पत्ता वेगळा असला की स्थानिक पत्त्याचा पुरावा मागतात: हेस्कॉमचे ताजे वीजबिल, घरपट्टीची पावती किंवा भाडेकरार. जुन्या घरांत वीजबिल आजोबांच्या नावावर, घरपट्टी थोरल्या काकांच्या नावावर, आणि अर्ज नातीचा. बिल फेटाळले जाते ते याच कारणाने, बिल खोटे म्हणून नव्हे. अशा वेळी ज्याच्या नावावर बिल आहे आणि जो हयात आहे त्याच्याच नावाने कनेक्शन घेणे हा सर्वांत सोपा मार्ग. तो निधन पावला असेल तर घरातल्या दुसऱ्याच्या नावावरची घरपट्टी चालते का ते विचारा, किंवा स्वतःचे आधार आधी त्या पत्त्यावर आणा.

आधारचा पत्ता बदलायला स्वतःच्या नावाचा कागद नसेल तर कुटुंबप्रमुखाच्या आधारावरून बदल करता येतो. ही सोय २०२३ पासून ऑनलाइन आहे. इथे मुदत चुकते. विनंती गेल्यावर कुटुंबप्रमुखाने ३० दिवसांच्या आत पोर्टलवर जाऊन ती मंजूर करायची असते. त्याच्या आधारला मोबाइल जोडलेला नसेल तर त्याला काही कळतच नाही, विनंती बाद होते आणि भरलेले शुल्क परत मिळत नाही. म्हणून आधी वडिलांचा किंवा आईचा मोबाइल आधारला जोडा. ते काम आधार केंद्रावर होते.

‘बेळगाव’ की ‘बेळगावी’ एवढ्याच फरकासाठी आधार बदलायला पैसे खर्च करू नका. १ नोव्हेंबर २०१४ ला शहराचे नाव अधिकृतपणे बदलले, त्याआधीच्या कागदांवर जुनेच नाव असणार. गल्लीचे नाव मात्र नीट लिहा. खडेबाजार शहरातही आहे आणि शहापुरातही आहे. शहापूर असेल तर ‘शहापूर’ आणि ५९०००३, टिळकवाडी असेल तर ५९०००६, आणि सोबत देऊळ किंवा शाळा अशी खूण द्या. नकाशावर पिन टाकताना घराच्या दारात उभे राहून टाका. चुकीच्या खडेबाजारात गेलेला लाइनमन ‘घर सापडले नाही’ लिहून मोकळा होतो.

जुना लँडलाइन नंबर वाचवायचा असेल तर

०८३१चा जुना नंबर दुकानाच्या पाटीवर, लेटरहेडवर, नातेवाइकांच्या वहीत असतो. तांब्याच्या लाइनवरून फायबरवर जाताना तो बहुधा कायम ठेवता येतो, पण क्रम चुकला तर नंबर जातो. जुनी लाइन ‘सरेंडर’ करून नवी घेऊ नका. अर्जात ‘जुना नंबर कायम ठेवून फायबरवर बदल’ असेच लिहा. जुनी थकबाकी आधी शून्य करा, पावती सांभाळा.

नंबर निधन झालेल्या माणसाच्या नावावर असेल तर आधी नावबदल, मग फायबर. त्यासाठी मृत्यू दाखला, वारस असल्याचा कागद, इतर वारसांचे ना-हरकत पत्र आणि तुमचे ओळखपत्र लागते. वारस असल्याचा कागद म्हणजे वंशावळ; ती नाडकचेरीतून (महसूल खात्याच्या स्थानिक कार्यालयातून) मिळते आणि तिला वेळ लागतो, म्हणून तो अर्ज सर्वांत आधी टाका. ती कन्नडमध्ये येते. कन्नडमधून पुन्हा इंग्रजीत नाव लिहिताना ‘जाधव’चे एखादे अक्षर गळते आणि आधारशी जुळत नाही. दाखला हातात पडताच तिथल्या तिथे तपासा. फरक राहिलाच तर ‘दोन्ही नावे एकाच व्यक्तीची’ असे नोटरी केलेले प्रतिज्ञापत्र जोडा. मृत्यू कोल्हापूर किंवा मिरजेच्या दवाखान्यात झाला असेल तर काळजी नको, महाराष्ट्राचा मृत्यू दाखला मराठी-इंग्रजी असतो, भाषांतर लागत नाही.

घरात वयस्कर माणसे असतील तर एक गोष्ट त्यांना नक्की सांगा. तांब्याच्या लाइनला वीज एक्सचेंजमधून मिळायची, त्यामुळे घरात वीज नसतानाही फोन चालायचा. फायबरवर मोडेम बंद पडला की फोनही बंद. १२ व्होल्टचा छोटा यूपीएस मोडेमला लावल्याशिवाय जुना फोन काढून टाकू नका.

लाइनमन घरात असताना

जाण्यापूर्वी त्याला मीटरवर सिग्नल दाखवायला सांगा. उणे १५ ते उणे २५ डीबीएम असेल तर ठीक. उणे २७च्या खाली (म्हणजे उणे २८, उणे २९) गेला तर आज चालेल आणि पहिल्या पावसात मोडेमवर लाल दिवा लागेल. दोष बहुधा जोडणीत असतो: हिरवा कनेक्टर निळ्यात घातलेला, किंवा दाराच्या चौकटीत वायर चिमटलेली. भिंतीचे भोक बाहेरच्या बाजूला उतरते हवे आणि वायर आत शिरण्याआधी खाली झोळ दिलेला हवा, नाहीतर पाणी वायरीवरून सरळ मोडेमपर्यंत येते. मोडेमच्या अनामत रकमेची पावती घ्या. रोख पैसे स्थानिक केबलवाल्याकडे दिले तरी कंपनीचा ऑर्डर नंबर मेसेजने आला पाहिजे.

दोन फूट जाडीच्या दगडी भिंतीतून वायफाय जात नाही, त्याला प्लॅनचा वेग वाढवून उपयोग नाही. सोप्यातल्या मोडेमपासून माजघरापर्यंत लॅन केबल ओढून तिथे दुसरा राउटर लावा.

मोबाइलची रेंज

कंपन्यांना आता आपापल्या संकेतस्थळावर कव्हरेजचा नकाशा द्यावा लागतो, पण तो घराबाहेरचे सांगतो. नंबर पोर्ट करण्याआधी, म्हणजे तोच नंबर दुसऱ्या कंपनीकडे नेण्याआधी, शेजाऱ्याचे त्या कंपनीचे सिम माजघरात घालून बघा. पोर्टसाठी १९०० वर मेसेज केल्यावर येणारा कोड ४ दिवसच चालतो. सध्याच्या कंपनीत ९० दिवस पूर्ण झालेले हवेत, आणि सिम नुकतेच बदलले असेल तर ७ दिवस थांबावे लागते. रेंज घरात नसेलच तर फायबर आल्यावर फोनच्या सेटिंगमध्ये वायफाय कॉलिंग चालू करा.

निपाणी आणि सीमेलगतच्या गावांत फोन कधी कर्नाटकचा, कधी महाराष्ट्राचा टॉवर पकडतो. दोन्ही वेगळी दूरसंचार मंडळे आहेत. कॉल लागतो पण इंटरनेट बंद, अशी तक्रार असेल तर आधी डेटा रोमिंग चालू आहे का ते बघा. ऑनलाइन मिळणारे सिग्नल बूस्टर मात्र घेऊ नका. परवान्याशिवाय ते लावणे बेकायदेशीर आहे, आणि एका घरातल्या बूस्टरमुळे अख्ख्या गल्लीचे नेटवर्क बिघडते.

तक्रार, आणि चुकीची मोजलेली मुदत

लाइनमनच्या व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलेली तक्रार ही तक्रार नव्हे. कंपनीच्या टोल-फ्री क्रमांकावर नोंदवा, मोबाइलसाठी १९८. मेसेजने डॉकेट नंबर (तक्रारीचा नोंदणी क्रमांक) आला तरच नोंद झाली. मग लोक ‘उद्या येतो’वर महिने घालवतात. काम न होता ‘तक्रार निकाली’ असा मेसेज आला की पुढच्या अपिलाचे ३० दिवस तिथून सुरू होतात. निकालच आला नाही तर तक्रार सोडवायची मुदत संपल्यापासून मोजा. अपील त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे करायचे, त्याला शुल्क नाही आणि ३९ दिवसांत निर्णय अपेक्षित आहे. डॉकेट नंबर नसेल तर अपील घेतलेच जात नाही. तिथेही दाद मिळाली नाही तर दूरसंचार विभागाच्या तक्रार पोर्टलवर जा. या दोन्ही पायऱ्या वगळून थेट पोर्टलवर टाकलेली तक्रार परत कंपनीकडेच पाठवली जाते.

जिल्हा ग्राहक आयोगाचा मार्गही मोकळा आहे. दूरसंचार सेवेच्या तक्रारी ग्राहक आयोग ऐकू शकतो, असे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे. भरलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तिथे फी नाही. जाताना ऑर्डर नंबर, पैसे भरल्याची पावती, सर्व डॉकेट नंबर, अपिलाचे उत्तर आणि लाल दिव्याचे तारीख दिसणारे फोटो यांच्या प्रती घेऊन जा, आणि मूळ कागद हातचे सोडू नका.