पॉइंट गार्ड : तरुण खेळाडू आणि त्यांच्या शैली

पॉइंट गार्ड ही बास्केटबॉल संघातील पहिल्या क्रमांकाची जागा. चेंडू आपल्या अर्ध्यातून समोरच्या अर्ध्यात नेणे, कोणता डाव टाकायचा ते ठरवणे आणि मोकळ्या साथीदाराच्या हाती चेंडू वेळेवर पोहोचवणे ही त्याची मुख्य कामे. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार मध्यरेषा ओलांडायला ८ सेकंद आणि बास्केटकडे फेक करायला एकूण २४ सेकंद मिळतात. एवढ्या वेळातले बहुतेक निर्णय त्याचेच असतात.

बेळगाव, खानापूर, निपाणी या सीमाभागातल्या पोरांपर्यंत या जागेचे नामवंत खेळाडू मोबाइलवरून पोहोचले. अमेरिकेतील एनबीए या व्यावसायिक लीगचे रात्रीचे सामने आपल्याकडे पहाटे पाच-सहाला सुरू होतात. त्यामुळे ‘मोरांट भारी की डॉन्चिच भारी’ हा वाद शाळेची घंटा होण्याआधीच पेटलेला असतो. वाद घालणारे बहुतेक जण गुण मोजतात, आणि गुणांवरून पॉइंट गार्डची शैली कळत नाही. ती ओळखायची तर दोन गोष्टी पाहाव्या लागतात : चेंडू त्याच्या हातात किती वेळ राहतो, आणि समोरचा बचाव कशाच्या धाकाने जागा सोडतो.

जुन्या मापाने पॉइंट गार्ड म्हणजे आधी पास देणारा. यूटा जॅझचा जॉन स्टॉक्टन हा त्याचा नमुना. कारकिर्दीत १५,८०६ असिस्ट (ज्या पासवर साथीदार थेट गुण करतो तो पास) हा त्याचा विक्रम आजही उभा आहे. हे चित्र बदलण्यामागे नियमांचा मोठा वाटा आहे. एनबीएत तीन गुणांची रेषा (तिच्याबाहेरून केलेल्या यशस्वी फेकीला तीन गुण) १९७९-८० च्या हंगामात आली. २००४-०५ पासून चेंडू घेऊन येणाऱ्याला हाताने अडवून धरण्यावर कडक बंधने आली आणि वेगवान गार्डला रान मोकळे झाले. मग २०१५-१६ मध्ये स्टीफन करीने एका हंगामात ४०२ तीन गुणी फेकी यशस्वी केल्या. त्यानंतर गार्डला मध्यरेषा ओलांडताच अंगावर घेणे बचावाला भाग पडू लागले.

उंचीची समजूतही मोडली. आपल्याकडच्या शाळांच्या संघांत सर्वांत बुटक्या पोराला गार्ड करायचे आणि उंच पोराला रिंगखाली उभे करायचे ही जुनी सवय आहे. आजच्या अव्वल तरुण गार्डांपैकी लुका डॉन्चिच, शे गिल्जस-अलेक्झांडर, केड कनिंगहॅम आणि लामेलो बॉल हे चौघेही साडेसहा फुटांच्या आसपास आहेत. उंच गार्डला बचावाच्या डोक्यावरून पलीकडचा कोपरा दिसतो. बारा वर्षांच्या उंच मुलाला ड्रिबल न शिकवता रिंगखाली डांबणे म्हणजे त्याचा खेळ अर्ध्यावर छाटणे होय.

वेगाच्या टोकाला मेम्फिसचा जा मोरांट येतो. २०१९ च्या निवडीत (ड्राफ्ट, म्हणजे संघांनी आळीपाळीने नवे खेळाडू घेणे) तो दुसऱ्या क्रमांकावर घेतला गेला, पहिल्याच हंगामात सर्वोत्तम नवोदित ठरला आणि २०२१-२२ मध्ये सर्वाधिक प्रगतीचा पुरस्कार त्याला मिळाला. पहिल्या पावलातच तो बचावपटूला मागे टाकतो आणि रिंगच्या पातळीपर्यंत उडी घेतो. त्याच्या धाकाने सगळा बचाव आत गोळा होतो आणि कोपऱ्यातले साथीदार मोकळे राहतात. हा खेळ अंगावर येतो. दरवेळी हवेत धडक घेणाऱ्याचे शरीर किती हंगाम तग धरेल, हा प्रश्न त्याच्या बाबतीत सतत विचारला जातो, आणि तो रास्त आहे.

मोरांटच्या अगदी उलट डॉन्चिच. स्लोव्हेनियाचा हा खेळाडू सोळाव्या वर्षी रेआल माद्रिदच्या मुख्य संघात आला, आणि २०१८ मध्ये एकोणिसाव्या वर्षी युरोलीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरून मग अमेरिकेत गेला. त्याचे बलस्थान वेग नाही, थांबणे आहे. अंगाने बचावपटूला पाठीवर घेऊन तो मध्येच थबकतो. मागचा पुढे निघून जातो किंवा अंगावर आदळतो, आणि दोन्हींत फायदा याचाच. २६ जानेवारी २०२४ रोजी त्याने अटलांटाविरुद्ध ७३ गुण केले, आणि त्या हंगामात सामन्यामागे ३३.९ गुणांची त्याची सरासरी लीगमध्ये सर्वाधिक होती. मात्र चेंडू फार काळ त्याच्याच हातात राहतो आणि उरलेले चौघे बऱ्याचदा वाट पाहत उभे असतात.

त्याच २०१८ च्या निवडीच्या रात्री ज्याच्याशी त्याची अदलाबदल झाली तो ट्रे यंग उंचीने जेमतेम सहा फुटांवर. अटलांटाकडून खेळताना त्याने दुरूनच फेकीचा धाक घालायचा, बचाव वर आला की आत शिरायचे आणि उंच साथीदारासाठी रिंगजवळ चेंडू हवेत सोडायचा, असा खेळ रुजवला. २०२४-२५ मध्ये सामन्यामागे ११.६ असिस्ट करून तो लीगमध्ये पहिला आला. मात्र फाउल मिळवण्यासाठी अंग वेडेवाकडे फेकण्याची जी कला त्याच्यासारख्या गार्डांनी विकसित केली, तिला २०२१-२२ पासून पंचांनी आळा घातला. हे योग्यच झाले.

ओक्लाहोमा सिटीचा गिल्जस-अलेक्झांडर यांत सर्वांत अनुकरणीय. तो ना सर्वांत वेगवान, ना सर्वांत लांबून फेकणारा. तो आत घुसतो, हुलकावणी देतो, पुन्हा थांबतो आणि मधल्या अंतरावरून शांतपणे फेक करतो. बचावपटूचे वजन चुकीच्या पायावर गेले की त्याचे काम झाले. २०२४-२५ मध्ये त्याने ३२.७ गुणांच्या सरासरीने लीगमध्ये आघाडी घेतली, हंगामाचा आणि अंतिम मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि संघाला विजेतेपद मिळवून दिले. एवढा चेंडू हाताळूनही तो फार कमी वेळा गमावतो.

त्या अंतिम मालिकेत समोर इंडियानाचा टायरिज हॅलिबर्टन होता. पॉइंट गार्ड या शब्दाच्या मूळ अर्थाला तो सर्वांत जवळचा. चेंडू त्याच्या हातात येतो आणि क्षणात पुढे जातो. २०२३-२४ मध्ये १०.९ असिस्टसह तो लीगमध्ये पहिला होता. २७ मे २०२५ रोजी न्यूयॉर्कविरुद्ध त्याने ३२ गुण, १५ असिस्ट आणि १२ रिबाउंड (हुकलेल्या फेकीनंतर पकडलेले चेंडू) केले, आणि चेंडू एकदाही गमावला नाही. अंतिम मालिकेच्या पहिल्या सामन्यात ०.३ सेकंद शिल्लक असताना त्याने विजयी फेक केली, तर सातव्या सामन्यात त्याच्या पायाची अकिलीस शीर तुटली.

लामेलो बॉल हा लांब पासचा रसिक. त्याला पाहण्यात मजा आहे, विश्वासाने संघ सोपवण्यात जरा धाकधूक. २०२१ च्या निवडीत पहिला आलेला कनिंगहॅम मात्र सोसून घडला. त्याचा डेट्रॉइट संघ २०२३-२४ मध्ये सलग २८ सामने हरला आणि हंगामात ८२ पैकी फक्त १४ जिंकला. पुढच्याच हंगामात त्याच संघाने ४४ सामने जिंकले.

महिलांच्या डब्ल्यूएनबीएत केटलिन क्लार्कने २०२४ मध्ये, पदार्पणाच्याच हंगामात, ३३७ असिस्टचा विक्रम केला आणि एका सामन्यात १९ असिस्ट देण्याचाही. त्याच हंगामात सर्वाधिक वेळा चेंडू गमावण्याचा विक्रमही तिच्याच नावावर लागला. दोन्ही आकडे एकाच धाडसातून येतात. जो अवघड पास टाकतच नाही, त्याचा चेंडू कशाला हरवेल?

आकड्यांची तुलना करताना म्हणूनच असिस्ट आणि टर्नओव्हर (चेंडू गमावणे) शेजारी ठेवून पाहावेत. एनबीएचा सामना ४८ मिनिटांचा आणि आंतरराष्ट्रीय नियमांचा ४० मिनिटांचा, त्यामुळे दोन्हींच्या सरासऱ्या थेट एकमेकींसमोर मांडता येत नाहीत. आपल्या मैदानांवर आंतरराष्ट्रीय नियम चालतात. एनबीएत बचावपटूला कुणावरही जवळून पहारा न ठेवता रिंगसमोरच्या रंगवलेल्या भागात तीन सेकंदांपेक्षा जास्त थांबता येत नाही. आपल्याकडे ही अट नाही. बेळगावच्या कुठल्याही आंतरशालेय सामन्यात समोरचा धिप्पाड सेंटर (रिंगजवळ खेळणारा उंच खेळाडू) आत तळ ठोकून बसतो आणि उरलेले चौघे झोन लावतात, म्हणजे माणसामागे न धावता आपापली जागा राखतात. तिथे मोरांटसारखी धाव घेणारा पोरगा भिंतीवर आदळतो. झोन फोडायला हॅलिबर्टनसारखा झटपट पास किंवा गिल्जस-अलेक्झांडरची मधल्या अंतरावरची फेकच कामी येते.

मैदानाचाही हिशेब आहे. इथली बहुतेक कोर्टे उघड्यावरची, सिमेंटची. बेळगाव-खानापूरचा पाऊस लागला की त्यांवर पाणी आणि शेवाळ, उन्हाळ्यात बारीक धूळ. डॉन्चिचसारखी मागे पाऊल टाकून फेक करायला पायाला पकड लागते. निसरड्या सिमेंटवर तो हट्ट घोट्याला महागात पडतो. लाकडी तळाच्या बंदिस्त कोर्टावर घडलेली शैली इथे जशीच्या तशी उचलता येत नाही, हे पहाटे मोबाइलवर पाहताना लक्षात येत नाही.

सीमाभागातल्या गार्डकडे आणखी एक काम येते, ते म्हणजे बोलण्याचे. एकाच संघात घरी मराठी, कन्नड, दख्खनी उर्दू आणि कोकणी बोलणारी पोरे असतात. ‘स्क्रीन’, ‘स्विच’, ‘हेल्प’ हे खेळताना एकमेकांना ओरडून द्यायच्या इशाऱ्यांचे शब्द सगळ्यांचे, पण घाईत तोंडातून आपापली भाषाच निघते. ‘बॉल घेऊन काय करुलास रे, पास दे की!’ ही आरोळी कन्नड माध्यमातल्या साथीदारालाही एव्हाना पाठ झालेली असते. डाव मात्र बोटांनी सांगितलेला बरा. वर केलेली मूठ किंवा दोन बोटे कुठल्याही भाषेत तीच राहतात.

निवडीचा रस्ता कर्नाटकाचा आहे. तालुका, जिल्हा, मग राज्य. मराठी शाळेतला खानापूरचा गार्ड राष्ट्रीय शालेय स्पर्धेत कर्नाटकाच्या जर्सीत उतरतो आणि सीमेपलीकडचा चंदगडचा पोरगा महाराष्ट्राच्या. भारतात एनबीएचे संघ ४ आणि ५ ऑक्टोबर २०१९ रोजी मुंबईत वरळीला खेळले : इंडियाना आणि सॅक्रामेंटो. सॅक्रामेंटोच्या संघात तेव्हा डीअॅरन फॉक्स होता, त्या काळच्या सर्वांत चपळ तरुण गार्डांपैकी एक. एनबीएच्या निवडीत आतापर्यंत घेतला गेलेला भारतीय म्हणजे पंजाबचा सतनाम सिंग, २०१५ मध्ये ५२ व्या क्रमांकावर. तो सात फुटांहून उंच सेंटर होता.